पहिला शिक्का

अंबरीष देवस्थळीला जपानात येऊन आठ वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्याने आपल्या नावाचा शिक्का हजार वेळा तरी उमटवला असेल. इथे सहीला कोणी विचारत नाही. घराचा करार असो, बँकेचं काम असो, नाहीतर ऑफिसातली दोन दिवसांची रजा असो, बोटाएवढा शिक्का लाल शाईत टेकवायचा आणि कागदावर दाबायचा. टोकियोतल्या ओजिमाच्या बाजारातल्या म्हाताऱ्या कारागिराने सुरुवातीला हात टेकले होते. जपानी आडनाव म्हणजे दोन अक्षरांचा मामला, आणि हे 'देवस्थळी' त्या चिमुकल्या गोलात बसणार कसं? शेवटी त्याने ते दोन ओळींत मोडून, दाटीवाटीने कोंबलं. त्यामुळे शिक्क्यांच्या रांगेत अंबरीषचा शिक्का लांबूनही ओळखू यायचा. त्याला याचं भारी कौतुक होतं. हाच शिक्का एक दिवस आपली अब्रू काढेल, हे तेव्हा त्याला कोण सांगणार!

ओजिमातल्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर तो, बायको उत्तरा आणि मुलगी अक्षया असे तिघे राहत. अक्षया अकरा वर्षांची असताना पुण्याहून आली आणि आता एकोणिसाव्या वर्षी टोकियोतल्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. आईबापांनी मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, हा घरचा रिवाज. कॉलेजात ती फुटबॉलच्या संघाची मॅनेजर झाली. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर रेड्यासारखं धावून जायचा, तो अमेरिकन. आणि मॅनेजर म्हणजे हुकूम सोडणारी कोणी साहेबीण नव्हे. खेळाडूंना पाणी द्यायचं, घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, सामन्याचं चित्रण करायचं, कोणाला कुठे लागलं याची वहीत नोंद ठेवायची. "पाणक्याचं काम करायला कॉलेजात घातलं का हिला?" असं उत्तराने पहिल्या महिन्यात विचारलं होतं. पण पोरगी पहाटे साडेचारला आपण होऊन उठायची, आणि आपण होऊन उठणाऱ्या मुलीला काय बोलायचं?

अक्षया कॉलेजात गेली त्याच वर्षी संघाला नवे कोच मिळाले. हिरायामा त्यांचं नाव. सगळे त्यांना 'कान्तोकु' म्हणत, म्हणजे संघाचे गुरुजीच म्हणा. पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे, ईशान्य किनाऱ्यावरच्या मियागीकडचे. तिथे एका शाळेचा संघ त्यांनी आपल्या हातांनी उभा केला होता. पण २०११च्या मोठ्या भूकंपानंतर शाळेच्या मैदानावर बेघरांसाठी तात्पुरती घरं उभी राहिली, ती चार वर्षं हलली नाहीत. मैदान गेलं, मग मुलं गेली, मग संघ गेला.

त्यांच्या स्वागताला पालक आणि जुने खेळाडू यांची बैठक भरली, तेव्हा पाहुण्याच्या तोंडावरच चर्चा सुरू झाली, की याला किती वेळ द्यायचा? जुने खेळाडू म्हणाले, एक वर्ष पुष्कळ झालं. कोणी म्हणालं, दोन. हिरायामा मान खाली घालून ऐकत होते. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी तिच्यासमोरच तिच्या उंचीची चर्चा करावी तसं ते चाललं होतं, आणि अंबरीषला ते बघवेना. तो उठून उभा राहिला.

"तुमच्याकडेच म्हणतात ना," तो आपल्या जपानीत म्हणाला, "थंडगार दगडावरसुद्धा तीन वर्षं बसलं तर तो ऊबदार होतो. मी माझं सांगतो. भूकंप झाला तेव्हा चौथ्या दिवशी मी बायको-मुलीला घेऊन भारतात पळालो. ऑफिसातली तुमची माणसं इथेच राहिली. सात आठवड्यांनी तोंड लपवत परत आलो, तर माझं टेबल कोणीतरी रोज पुसून ठेवलं होतं. माझे साहेब एवढंच म्हणाले, 'परत आलात, बरं झालं.' त्या ऑफिसात पुन्हा मान वर करून बोलायला मला तीन वर्षं लागली, आणि तीन वर्षं मला कोणी घाई केली नाही. यांनाही तीन वर्षं द्या."

टाळ्या पडल्या. तीन वर्षं ठरली. बैठक संपल्यावर हिरायामा त्याच्यासमोर येऊन कमरेतून असे वाकले, की अंबरीषला आपला हात कुठे ठेवावा कळेना. घरी येऊन त्याने तो प्रसंग उत्तराला तीनदा सांगितला. तिसऱ्या वेळी तर त्याच्या भाषणात मूळच्यापेक्षा दोन वाक्यं जास्त होती.

पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या वर्षी संघ घसरत घसरत तळाला आला आणि डिसेंबरात ती शेवटची लढत आली. जिंकलं तर वरच्या गटात राहायचं, हरलं तर खाली जायचं. अंबरीष त्या शनिवारी नागोयात होता. तिथल्या गिऱ्हाइकाच्या कारखान्यात नवी सिस्टिम चालू व्हायची होती आणि ती काही केल्या होत नव्हती. रविवारी दुपारी घरी आला, तेव्हा अक्षया खोलीत झोपून होती.

"काय गं, काय झालं मॅचचं?"

"हरलो," ती भिंतीकडे तोंड करून जपानीत म्हणाली.

"अरेरे. कशामुळे?"

"बरंच काही झालं."

अंबरीष दारात जरासा घुटमळला. आणखी एकदा विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. पण त्याचं डोकं नागोयात अडकलेलं होतं, आणि मुलीचं 'बरंच काही' ऐकायला अर्धा तास लागला असता. त्याने हळूच दार लोटून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात त्याला ओकुमुरा-सानचा फोन आला. हे पालक मंडळाचे अध्यक्ष, एका मोठ्या कंपनीतले बडे अधिकारी. दोन वर्षांत त्यांनी अंबरीषला मान लववण्यापलीकडे ओळख दाखवली नव्हती. आता कामेइदोच्या एका जुन्या कॉफीच्या दुकानात भेटायला बोलावत होते. अंबरीषने टाय बदलला.

ओकुमुरा-साननी दोन कॉफी सांगितल्या आणि पाकिटातून एक कागद काढून अलगद त्याच्यासमोर सरकवला. विद्यापीठाला द्यायचं निवेदन होतं. कोच बदलावा, अशी पालक मंडळाची विनंती. खाली सात चौकोन होते, सातही रिकामे.

"देवस्थळी-सान, खरं म्हणजे आधी मीच शिक्का मारायला हवा," ते म्हणाले. "पण तीन वर्षांचा शब्द तुमचा होता. म्हणून आम्हाला वाटलं, तुमचं मत सगळ्यांच्या आधी घ्यावं. तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. तुम्ही आता आमच्यातलेच."

आमच्यातलेच! आठ वर्षं अंबरीष या एका शब्दाची वाट बघत होता. कचरा अचूक वेगळा केला, लिफ्टमध्ये हळू बोलला, ऑफिसच्या पार्टीत नको ते मासे गिळले. पण हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. आता तो आयता चालून आला होता, आणि आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवताहेत हे कळण्याइतकं भान त्याला राहिलं नाही.

त्याने कागद हातात घेतला. गच्च सरकारी जपानी. बोलायला तो फाडफाड बोले, पण अशी भाषा वाचायची म्हणजे मोबाईल काढून एकेक अक्षर शोधावं लागलं असतं. 'आमच्यातला' माणूस मोबाईल काढून बसतो का? त्याने वरून खाली डोळे फिरवले. मध्ये दोनदा मान हलवली. एका ओळीशी तर कपाळाला आठी घालून थांबलासुद्धा. ओकुमुरा-सान खिडकीबाहेर बघत होते.

तीन वर्षांचा शब्द त्याला आठवला नाही असं नाही. आठवला, आणि त्याने तो बाजूला सारला. हरलेच आहेत ना शेवटी, आज ना उद्या जाणारच, आपण एकटे आडवे येऊन काय होणार. असल्या कामाला माणसाला सबबी चटकन सापडतात. त्याने खिशातून शिक्का काढला आणि पहिल्या चौकोनात नीट, सरळ दाबला. त्यानंतर कॉफी आली.

"सगळ्यांच्या आधी माझ्याकडे आले," घरी आल्यावर तो उत्तराला म्हणाला.

"तुझ्याकडेच आधी कशाला?" उत्तरा कणीक मळत होती. "आणि तुझी ती तीन वर्षं?"

"अगं, सिच्युएशन बदलते. प्रॅक्टिकल व्हावं लागतं."

"वाचलास ना नीट?"

"म्हणजे काय!" अंबरीष म्हणाला आणि आंघोळीला गेला.

आठ दिवसांत हिरायामांनी राजीनामा दिला. अंबरीषला वाटलं होतं, महिना-दोन महिने चर्चा होईल, विद्यापीठ मध्ये पडेल. तसं काहीच झालं नाही. अक्षयाने घरात बोलणं जवळजवळ बंद केलं. कान्तोकु गेल्याचं दुःख असेल, वयच तसं असतं, असं त्याने उत्तराला समजावलं. निवेदनाच्या प्रती संघाच्या ऑफिसात मॅनेजर मुलींनीच काढल्या होत्या, हे त्याला माहीत नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकराला दाराची घंटा वाजली. दारात हिरायामा उभे होते. काळा सूट, हातात कागदात गुंडाळलेला मिठाईचा खोका. राजीनामा देणारा माणूस इथे असा घरोघर जाऊन माफी मागतो. बेचाळीस खेळाडू आणि पाच मॅनेजर, त्यातलं हे एकेचाळिसावं घर, असं त्यांनी नंतर सांगितलं.

अंबरीषला दार लावून घ्यावंसं वाटलं. पण आता माघारी कसं फिरवणार? त्याने त्यांना आत घेतलं, बसायला गादी दिली. हिरायामा गुडघे मुडपून बसले, म्हणून तोही तसाच बसला. उत्तरा चहा ठेवायला गेली. अक्षया खोलीतून बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

हिरायामांनी खोका पुढे सारला आणि कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकले. "तुम्ही मला तीन वर्षं मिळवून दिलीत. माझ्याने दोन वर्षांतही काही झालं नाही. क्षमा करा."

"अहो, नको, नको," अंबरीष पुटपुटला.

"एक सांगायला आलो आहे, आणि एक विचारायला," हिरायामा सरळ होत म्हणाले. "विद्यापीठ मला सोडायला तयार नव्हतं. तीन वर्षं ठरली आहेत, तुम्ही राहायचं म्हणालात तर आम्ही पालकांना समजावू, असं म्हणाले. मीही राहायचं ठरवलं होतं. मग त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. पहिला शिक्का तुमचा होता."

अंबरीषने चहाच्या कपाकडे हात नेला. कप अजून आलाच नव्हता.

"ओकुमुरा-सानचा असता तर मी लढलो असतो," हिरायामा म्हणाले. "पण तुमचा होता. आणि त्या कागदात अक्षया-सानवर ठपका आहे. माझ्या मनात आलं, जो कागद स्वतःच्या मुलीला दोषी धरतो, त्यावर बाप सगळ्यांच्या आधी शिक्का मारतो, म्हणजे त्या माणसाने किती विचार केला असेल! मुलीची बाजूसुद्धा त्याने घेतली नाही. अशा माणसाचं म्हणणं खरंच असणार. म्हणून मी त्याच दिवशी राजीनामा लिहिला."

 अंबरीषने मुलीकडे पाहिलं. "अक्षू, तुझ्यावर कसला ठपका?"

अक्षया मराठीत बोलली. कितीतरी दिवसांनी त्याने तिचं मराठी ऐकलं, शब्द शोधत शोधत बोललेलं.

"दुसरा पॅराग्राफ, बाबा. 'अनुभव नसलेल्या मॅनेजरच्या सांगण्यावरून मुख्य खेळाडूला बाहेर काढलं, म्हणून सामना गेला.' ती मॅनेजर मी. मोरिताच्या डोक्याला लागलं होतं. त्याने मला विचारलं, कितवा क्वार्टर चालू आहे. मी सांगितलं. मग परत तेच विचारलं. मग परत. मी कान्तोकुंना सांगितलं, हा खेळला तर काहीतरी होईल. त्यांनी त्याला बाहेर बसवलं. आम्ही चार पॉइंटनी हरलो."

"तू मला हे कधी..." अंबरीष म्हणाला आणि थांबला. भिंतीकडे तोंड करून झोपलेली मुलगी आणि हळूच लोटलेलं दार त्याला आठवलं.

"मला वाटलं, तुम्ही वाचलंय," ती म्हणाली. "वाचूनच मारलाय."

म्हणजे महिनाभर ही पोर याच घरात, याच ताटावर बसून जेवत होती, आणि समोर बसलेल्या बापाने आपल्याला लेखी दोषी ठरवलंय असं धरून चालली होती. अंबरीषला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण नवव्या मजल्यावरच्या माणसाला तीही सोय नाही.

हिरायामांना मराठी कळत नव्हतं. बापलेकीचं बोलणं संपेपर्यंत ते खाली बघत थांबले. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि वही गुडघ्यावर ठेवली.

"एप्रिलपासून मी मियागीतल्या एका शाळेत जातो आहे. मैदान मोकळं झालंय. मुलं लहान आहेत, त्यांच्या बाबतीत माझी चूक पुन्हा व्हायला नको. म्हणून विचारतो. त्या सामन्यात तुम्हाला असं काय दिसलं, जे मला दिसलं नाही? मोरिताला मी खेळवायला हवं होतं का?"

उत्तराने चहा आणून ठेवला. कोणी कपाला हात लावला नाही. हिरायामा वहीवर पेन टेकवून बसले होते, आणि अंबरीष तोंड उघडत होता आणि मिटत होता.

"सावकाश सांगा," हिरायामा म्हणाले. "मला घाई नाही."

एवढं ऐकलं आणि अंबरीषला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. या माणसाला त्याने भर सभेत तीन वर्षं देऊ केली होती, आणि प्रत्यक्षात कॉफी येईपर्यंतसुद्धा वेळ दिला नव्हता. आणि तोच माणूस आता त्याला म्हणत होता, सावकाश. खोटं बोलणं अजूनही सोपं होतं. 'आक्रमण कमी पडलं' असं काहीतरी ठोकून दिलं असतं, तर या भल्या माणसाने ते वळणदार अक्षरात लिहून घेतलं असतं आणि मियागीतल्या पोरांना तसंच शिकवलं असतं. पुढच्या वेळी डोक्याला लागलेलं पोर तीनदा तेच विचारेल, आणि हे त्याला मैदानात पाठवतील. देवस्थळी-सान म्हणाले होते म्हणून.

"मी तो कागद वाचला नव्हता," अंबरीष म्हणाला.

हिरायामांनी सवयीने दोन अक्षरं लिहिली आणि पेन थांबलं.

"मला तेवढं वाचता येत नाही. वाचल्याचं नाटक केलं. ओकुमुरा-सान म्हणाले, तुम्ही आमच्यातले, तेवढ्यावर मी विकला गेलो. मला काहीही दिसलं नव्हतं. मी सामन्याला नव्हतोच. तुम्हाला काढायचा कागद आहे एवढं मात्र कळलं होतं, आणि ते कळूनही मी शिक्का मारला." त्याने समोरच्या वहीकडे पाहिलं. "मला लाज वाटते."

 हिरायामा उठून जातील, ओरडतील, तो खोका उचलून नेतील, असं काहीतरी व्हावं, अशी अंबरीष मनातल्या मनात प्रार्थना करत होता. एक शिवी मिळाली असती तरी त्याला हलकं वाटलं असतं.

"म्हणजे," हिरायामांनी अगदी हळू विचारलं, "मोरिताला बाहेर काढलं, ते चूक नव्हतं?"

"नव्हतं."

हिरायामांचा चेहरा एकदम मोकळा झाला. नोकरी गेलेल्या माणसाचा चेहरा इतका मोकळा होतो हे अंबरीषने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघणं त्याला सोसवेना. त्यांनी लिहिलेली दोन अक्षरं खोडली, वही मिटली आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे वळून म्हणाले, "अक्षया-सान, ऐकलंत ना? आपलं बरोबर होतं."

अक्षयाने ओठ घट्ट मिटून मान हलवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं तरी तिने पुसलं नाही.

"देवस्थळी-सान, खरं सांगितलंत. आभारी आहे," हिरायामा म्हणाले आणि दोन वर्षांपूर्वी वाकले होते तसेच, तेवढेच खोल, वाकले. मग चहा एका दमात संपवला, उत्तराला 'छान झाला होता' म्हणाले आणि बूट घालायला गेले. अजून सहा घरं बाकी होती.

अक्षयाने कोट अंगावर चढवला. "मी स्टेशनपर्यंत जाते त्यांच्याबरोबर," ती आईला म्हणाली. बापाकडे न बघता ती त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि दार लागलं.

अंबरीष होता तसाच बसून राहिला. गुडघ्यांखाली पाय मेले होते. समोर तो खोका होता, वर फडक्याच्या घडीसारखा नीट दुमडलेला कागद, आणि त्यावर जपानी अक्षरांत हाताने लिहिलेलं 'देवस्थळी'. सहाच्या सहा अक्षरं, एकही न चुकता.

उत्तराने कप उचलले, ओट्यावर नेऊन ठेवले. परत आली तरी तो तिथेच.

"ऊठ आता," ती म्हणाली.

"बसू दे."

"किती वेळ बसणार आहेस असा?"

अंबरीषने खोक्यावरच्या नावाकडे पाहिलं. थंड दगडाला तीन वर्षं लागतात, एवढंच त्याला आठवलं.